शेजारच्या बिऱ्हाडाचं नाक

माणसं उगाच चांगली वागत नाहीत, हे माझं लहानपणापासूनचं मत. कोणी न मागता बसायला पाट सरकवला, तर आधी पाटाचा पाय मोडका आहे का ते मी बघते. या स्वभावाला माहेरी नावं ठेवली, सासरी ठेवली, पण आयुष्यात मला कोणी फसवल्याचं आठवत नाही. त्यामुळे तो बदलायचं काही कारण मला दिसलं नाही, आणि किहीमला राहायला गेले ती तो स्वभाव बरोबर घेऊनच गेले.

तिथं एका नारळाच्या वाडीत मुंबईच्या कुणा शेठजींनी म्हाताऱ्या माणसांसाठी समोरासमोर दोन ओळी बिऱ्हाडं बांधली होती. स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. गावातले लोक त्या जागेला पेन्शनरांची वाडी म्हणत, आमच्यातल्या निम्म्यांना दमडीची पेन्शन नसली तरी. प्रत्येकाला पुढं पडवी, मग खोली, मागं स्वयंपाकघर, मोरी आणि एक मागचं दार. एकत्र पंगत नाही, जेवणाची घंटा नाही, कोणी देखरेखीला नाही. ज्याचं त्यानं शिजवायचं आणि ज्याचं त्यानं खायचं. विहीर तेवढी सामाईक, आणि संध्याकाळी विहिरीजवळच्या ओट्यावरची पोथी. शेठजींची अट एकच होती: बिऱ्हाड मिळायला घरच्या कोणीतरी जबाबदारीची सही द्यायची. त्यानं सही काढून घेतली की बिऱ्हाड गेलं.

माझी सही मुलाची. ती मिळवायला मला जवळजवळ वर्ष लागलं. "लोक म्हणतील, मुलानं आईला घराबाहेर काढलं," हे त्याचं पालुपद. मी म्हटलं, लोकांना सांग की आई भांडखोर आहे, चटकन पटेल. शेवटी त्यानं सही केली, पण करताना बजावलं, "एकटी राहतेस तर रीतभात सांभाळून राहा. एक शब्द माझ्या कानावर आला, तर त्याच दिवशी परत नेईन." तो बोलल्याप्रमाणे करणारा आहे. वडिलांवर गेलाय.

परत जायचं नव्हतं मला. कारण सांगते. आमच्या मासेखाऊ जातीत नवरा गेला की बाईचं कुंकू जातं, बांगड्या जातात आणि ताटातला मासाही जातो. कुंकवाचं दुःख चारचौघांत करता येतं. माशाचं कोणाजवळ करणार? मुलाच्या घरी कालवण सगळ्यांना माझ्याच हातचं लागायचं. माझं माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे मी त्यात त्रिफळं ठेचून घालते. तो वास मुलाच्या नाकात लहानपणापासून बसलेला. म्हणून चूल माझ्याकडे आणि माझ्या ताटात मात्र वरण-भात. सून मला वाढताना मान खाली घालायची. ती हसते आहे की तिला वाईट वाटतंय, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

किहीमला आल्यावर पहिले काही महिने मी रीतभात सांभाळली. समोरच्या ओळीत निवृत्त कंपाउंडर आणि त्याची बायको उघड उघड बोंबील तळायची. नवरा जिवंत, तेव्हा तिला सगळं माफ. एके सकाळी कोळीवाड्यातली एक बाई पाटी घेऊन माझ्या मागच्या दाराशी आली. मी नको म्हणून हात हलवला. ती म्हणाली, "आगो बाय, तारल्या हायत. आताच होरीतून काढल्यात, बग तरी."

"मी खात नाही. दिसत नाही का तुला?" मी माझ्या कपाळाकडे बोट केलं.

तिनं कपाळ बघितलं, मग माझ्या पाठीमागं डोकावून रिकाम्या स्वयंपाकघरात बघितलं. "घरान कोन हाय बगाया?"

खरंच कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

त्या दुपारी मी तारल्यांचं कालवण केलं आणि नवऱ्याच्या फोटोकडे पाठ करून जेवले. ते असते तर म्हणाले असते, खा गं, कोण विचारतंय! पण ते असते तर प्रश्नच नव्हता. जेवता जेवता मला रडू आलं. कालवण इतकं चांगलं झालं होतं म्हणून, दुसरं काही नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून खाई त्याला खवखवे सुरू झालं. कोळणीला ताकीद दिली की मागूनच ये आणि तोंडातून 'तारली' काढू नकोस, भाजी म्हण. ती म्हणाली, "मी कनाला सांगतंय?" मग पुढच्या खेपेला वाडीच्या टोकापासून ओरडत आली, "बाऽय, तुजी भाजी हानलीऽ!" कोळीण भाजी विकायला कधीपासून लागली, असं कोणी विचारलं असतं तर? खवलं आणि काटे मी मागच्या माडाच्या मुळाशी पुरायची, तर एक भुऱ्या रंगाचं मांजर माझ्याच मागच्या दाराशी ठाण मांडून बसायला लागलं. वरण-भात खाणाऱ्या बाईच्या दाराशी मांजर का बसेल? मी त्याला हाकललं, की ते दोन पावलं जाऊन परत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं. कंपाउंडर रोज सकाळी दोन्ही ओळींमधून फेऱ्या मारायचा, आणि माझ्या बिऱ्हाडासमोर त्याची पावलं मंद होतात अशी माझी खात्री झाली. शेठजींनी नुसत्या हिशेबाला ठेवलेला व्यवस्थापक म्हणजे कोर्टातला जुना कारकून. तो "काय, बरं आहे ना?" विचारायचा ते मला साक्ष घेतल्यासारखं वाटायचं.

पण खरी भीती होती शेजारची.

शेजारच्या बिऱ्हाडात एक काकू राहायच्या. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, दिवेआगरकडच्या, आमच्यातल्याच. सतराव्या वर्षी विधवा झालेल्या. दिरांच्या घरी राबराब राबून म्हातारपणी पुतण्याच्या सहीवर इथं आलेल्या. सगळी वाडी त्यांना मानायची. संध्याकाळची पोथी त्याच वाचायच्या. आवाज बारीक पण खणखणीत. वाचायला लागल्या की कंपाउंडरसुद्धा खोकला दाबून बसायचा. बायका जाताना त्यांच्या पाया पडायच्या. एकादशी, चतुर्थी, सोमवार, काही म्हणजे काही त्यांनी सोडलं नव्हतं. अशा बाईच्या आणि माझ्यामध्ये एक भिंत, तीही वर कौलांपर्यंत न पोचलेली. वास त्या फटीतून सरळ पलीकडे जायचा. वास जन्माच्या शाकाहारी माणसाला आला असता, तर त्याला नुसती मासळी कळली असती. आमच्यातल्या बाईला मासा कुठला, ताजा की कालचा, आमसूल किती पडलंय, सगळं कळतं.

आणि काकू यायला लागल्या. मी कालवण चुलीवर ठेवलं, की पुढच्या दारात उभ्या. कधी विरजण हवं असायचं, कधी सुई, कधी काडेपेटी. आत यायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, घेतलेली वस्तू हातात धरून, नको तितक्या वेळ बोलत राहायच्या. विहिरीचं पाणी, नारळांची पाडणी, पुतण्याची मुलं. मी दार अडवून उभी. मागं कालवण आटतंय. मी धूप जाळायला लागले तर एकदा म्हणाल्या, "तुझ्या देवांना धूप फार लागतो गं."

"लागतो," मी म्हटलं.

"गुरुवारीच जास्त लागतो."

गुरुवारी कोळीण यायची.

मग मी परीक्षा घेतली. एका गुरुवारी मासे घेतलेच नाहीत. खिडक्या मात्र लावल्या, धूप घातला, भांडी वाजवली, नुसती मिरची-लसणाची फोडणी केली. काकू आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी धूप नाही, खिडक्या उघड्या, पण चुलीवर तारल्या. काकू हजर! "मीठ आहे का गं चिमूटभर?" शंकेला जागा उरली नाही. बाई वासावर येत होती. पुरावा गोळा करत होती. एक दिवस व्यवस्थापकाच्या कानावर घालणार, तो मुलाला कळवणार, आणि मी परत मुंबईला, दुसऱ्यांच्या ताटात कालवण वाढत बसणार. एवढी सोवळी बाई, आणि दुसऱ्याच्या चुलीत नाक! मी मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं, ते पोथीवाल्या कानांनी ऐकू नये असं होतं.

कोणी म्हणेल, मग मासे सोडून द्यायचे. सोडले ना, दोनदा. पुढच्या गुरुवारपर्यंत.

दिवाळी होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. तारल्या चुलीवर रटरटत होत्या आणि काकू नेहमीप्रमाणे दारात, या वेळी दोरा मागायला. मी दोऱ्याचं रीळ त्यांच्या हातात जवळजवळ फेकलं. तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "आई!"

मुलगा. कळवल्याशिवाय आलेला. अलिबागेला कचेरीचं काम निघालं म्हणून सकाळच्या लाँचनं रेवसला उतरला होता, ते काम आटोपून तसाच इकडे. बरोबर व्यवस्थापक, तोंडभर हसत, जणू माझा मुलगा त्यानंच आणला होता. आणलाच असेल, माझ्या मनात आलं. मी काकूंकडे बघितलं. किती वेळेवर दोरा संपला होता यांचा!

मुलानं चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"कोण आलंय जेवायला?"

"कोणी नाही."

तो सरळ आत गेला. झाकण काढल्याचा आवाज आला. मी जागची हलले नाही. व्यवस्थापक मान उंच करून बघायला लागला. मुलगा चुलीजवळून म्हणाला, अगदी हळू, आणि तो हळू बोलतो तेव्हा मला जास्त भीती वाटते, "आई, हे तुझ्या हातचं आहे. त्रिफळं आहेत यात. या बाजूला कोण घालतं त्रिफळं?"

आयुष्यभर सगळ्यांचे डाव ओळखणारी मी, तोंड उघडून उभी राहिले.

"माझं आहे ते," काकू म्हणाल्या.

इतके महिने त्या कधी उंबरा ओलांडून आल्या नव्हत्या. आता आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मुलाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझी चूल आज धुपत होती, म्हणून हिच्या चुलीवर ठेवलं. त्रिफळांचं हिनंच मला सांगितलं होतं, तिच्या माहेरची पद्धत. ही काही शिवत नाही त्याला. मीच आपली ढवळून जात होते."

मुलगा बघतच राहिला. "काकू, तुम्ही?"

"का? मला जीभ नाही?"

पदरानं कडा धरून त्यांनी ते भांडं उचललं आणि व्यवस्थापकाच्या समोरून, पडवीतून, चारचौघांना दिसेल असं आपल्या बिऱ्हाडात नेलं. कंपाउंडरची बायको वाळवण उलटत होती, तिचा हात तसाच राहिला. व्यवस्थापकाला एकाएकी काहीतरी काम आठवलं. ते काम काय होतं ते सांगायला नको. तासाभरात दोन्ही ओळींना कळलं.

मला काकूंचे उपकार वाटायला हवे होते. वाटला तो नवा संशय. ही बाई मला का वाचवेल? आता हिच्या हातात माझी नाडी आली. उद्या काय मागेल? पाणी भरायला लावेल, घर सारवायला लावेल, का नुसती रोज माझ्याकडे बघून हसेल? फुकट उपकार करणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मुलाला मी वरण-भात आणि वांग्याचे काप वाढले. त्यानं थोडा वेळ भात चिवडला, मग खाली मान घालून म्हणाला, "आई, त्या काकूंकडून वाटीभर मागून आणतेस?"

"काय?"

"घरी कोणाला तसं जमत नाही गं. किती दिवस झाले."

मी वाटी घेऊन शेजारी गेले. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि भांडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झाकलेलं. मी म्हटलं, मुलाला हवंय. त्यांनी वळून न बघता सांगितलं, "ने. दोन तारल्या ठेव मात्र."

दोनच का? मला लगेच कळलं. पुरावा! उद्या व्यवस्थापकाला दाखवायला ठेवत असणार. पण वाद घालायची ती वेळ नव्हती. दोन ठेवल्या, बाकीच्या नेल्या. मुलगा बोटं चाटून जेवला, ढेकर दिली आणि निघताना मला समजावून सांगितलं, "आई, शेजार जरा जपून कर. एवढ्या मोठ्या बाई, पोथी वाचतात म्हणे, आणि हे असं. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण संगत वाईट." त्याच्या मिशीला कालवण लागलेलं होतं. ते पूस, एवढंच मी म्हटलं.

संध्याकाळी विहिरीजवळच्या ओट्यावर काकूंनी पोथी मांडली. मी पडवीतून बघत होते. कंपाउंडरच्या बायकोचा गुडघा दुखत होता. पलीकडच्या मास्तरांना कणकण होती. दुसऱ्या एका बिऱ्हाडाचं दार तर दिवेलागणीच्या वेळी आतून लागलेलं, जे कधी लागत नसे. ओट्यावर एकटं मांजर. काकूंनी थोडी वाट बघितली, चष्मा पुसला, परत घातला. मला राहवलं नाही. गेले आणि समोर बसले. त्यांनी पूर्ण अध्याय वाचला, आवाज नेहमीसारखाच, रोजच्यासारखा सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. मग पोथी फडक्यात बांधून म्हणाल्या, "चल घरी."

आता मागणी येणार, मी मनाची तयारी केली.

त्यांच्या बिऱ्हाडात कंदील लावलेला होता. त्यांनी मला दाराला कडी घालायला सांगितली, मग ते भांडं पुढं ओढलं आणि झाकण काढलं. तळाशी थोडा रस आणि त्या दोन तारल्या.

मी सरळच विचारलं. माझ्याच्यानं आडून बोलणं होत नाही. "काकू, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? का घेतलंत माझं पाप अंगावर?"

"तुझ्या मुलाचं तोंड बघितलंस?" त्या म्हणाल्या. "त्याला कळलं असतं तर त्यानं तुला आजच्या आज नेलं असतं. त्याला तू हवी आहेस. माझ्या पुतण्याला उद्या कळेल. तो चिडेल, शिव्या देईल. पण न्यायला यायचा नाही. सही काढली तर मला ठेवायचं कुठं, हा प्रश्न त्याला पडेल." त्यांनी बोलता बोलता दोन ताटल्यांत भात वाढला. "नकोशा माणसाला एवढं एक बरं असतं बघ. त्याला कोणी परत नेत नाही."

त्या बाईला मी काय काय म्हटलं होतं!

"मग रोज दारात येऊन का उभ्या राहायचात?"

"वासाला," त्या म्हणाल्या. "आमच्या खाडीवर भाऊ पागायला जायचे, जाळं टाकून मासे घेऊन यायचे. सतराव्या वर्षानंतर माशाला शिवले नाही. तुझ्या दारात उभं राहिलं की पोट भरायचं. आत आले असते तर मागून बसले असते, म्हणून नाही आले." एक तारली त्यांनी माझ्या ताटलीत घातली, एक आपल्या. "आता नाव गेलं ते गेलं. न खाताच गेलं, हे मात्र मला चालायचं नाही."

त्यांनी तारली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत ताटलीत ठेवली.

"काटा कुठून धरायचा गं? विसरले."

मी त्यांची ताटली माझ्यापुढं ओढली. लहान मुलाला देतात तसा मधला काटा शेपटाकडून धरून अलगद काढला, बारीक काटे बोटांनी चाचपले आणि मासा भातावर ठेवला. त्यांनी घास घेतला. बराच वेळ तोंडातच ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. गिळल्यावर म्हणाल्या, "कडी काढ. दार उघड."

"काकू, लोक बघतील."

"बघू देत. माझं काय राहिलंय लपवायचं?"

मी उठले आणि दार सताड उघडलं. समोरच्या ओळीत सगळ्यांच्या पडव्यांत दिवे लागले होते. काकू उंबऱ्यासमोर ताटली घेऊन बसल्या, कंदिलाच्या उजेडात, आणि सावकाश जेवायला लागल्या. मी माझी ताटली उचलली आणि दाराआड, कोणाला दिसणार नाही अशी, भिंतीला टेकून बसून माझी तारली खाल्ली.